घासलेली टाकी

परदेशी गिऱ्हाईक यायचं म्हटलं की आदल्या दिवशी आमचा कारखाना आंघोळ करतो. नियम सासऱ्यांचा, पण पाळला मी. त्या दिवशी रंगाचा एकही हौद तापत नाही, सुताची एकही लडी भिजत नाही. मालक, कामगार, सुना, लेकी, सगळ्यांनी बाह्या वर करायच्या आणि हातात ब्रश घ्यायचा. फरशी, हौद, गटारं, शेडचे खांब, काही म्हणून सोडायचं नाही. सासरे म्हणायचे, रंगाऱ्याच्या कारखान्यात रंग फक्त सुतावर दिसला पाहिजे. त्यांच्या मागे मी हा नियम एकदाही मोडू दिला नाही. पाहुण्याला आमच्या फरशीत त्याचा चेहरा दिसायचा, आणि बऱ्याच जणांना तो तिथंच पहिल्यांदा नीट दिसला असेल.

त्या दिवशीही मी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले होते. गुडघे गेलेत, नजर गेलेली नाही.

थोरला गमबूट घालून सगळ्यांच्या पुढं होता. वर्षभर कारखाना विकू या म्हणून घरात धोशा लावणारा हाच. गोदामं बांधणाऱ्या लोकांचा आमच्या जागेवर डोळा, आणि याचा त्यांच्या फोनवर कान. पण हातात ब्रश आला की गडी बदलतो. कोपऱ्यातला डाग दिसला की गुडघ्यावर बसतो आणि तो निघाल्याशिवाय उठत नाही. अगदी बापावर गेलाय.

लेक आदल्या रात्रीच्या गाडीनं आली होती. वकील आहे, त्यामुळे घरातही पुरावा मागते. ती यायचं कारण घासणं नव्हतं. आमचं ठरलं होतं असं, की उद्या परदेशी गिऱ्हाइकाची तपासनीस बाई येणार, तिची तपासणी पार पडली तर कारखाना राहील. नाही पडली, तर मी, थोरला, धाकटा, सगळ्यांनी सह्या करून जागा गोदामवाल्यांना द्यायची. लेक थोरल्याच्या बाजूची. "आई, तुझं वय बघ," म्हणाली. मी म्हटलं, "माझं वय बघायला गोदामवाले येणार आहेत का?" पण कबूल मी झाले होते. मला हरायची सवय नाही, म्हणूनच झाले.

पूर्वी परदेशी माणूस आला की लडी ओढायचा, ओल्या रुमालावर घासायचा, रंग सुटतो का बघायचा. आमचा रंग सुटला असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. आता त्यांच्याकडं नवा कायदा आलाय. माल बंदरावर उतरायच्या आधी विचारतात, रंगवून झाल्यावर पाणी कुठं गेलं? मागच्या हंगामात आमचा अख्खा कंटेनर या एका प्रश्नावर परत आला. सूत तसंच्या तसं, गठ्ठ्यांच्या दोऱ्यासुद्धा न सुटलेल्या. धाकटा अजून बंदरावर त्याच्याच मागं धावत होता.

प्रश्न खोटा नव्हता. मागच्या ओढ्याचं पाणी आमच्या ऑर्डरीप्रमाणं रंग बदलायचं. लोक ओढ्याकडं बघून सांगायचे, आज यांच्याकडं किरमिजी चाललंय. पुढं पुढं खालच्या अंगाच्या विहिरींना तोच रंग आला, आणि गुरं पाण्याला तोंड लावेनात.

तेव्हा धाकटी सून उभी राहिली. पाण्याचं शास्त्र शिकून या घरात आली, तेव्हा मी म्हटलं होतं, पाण्यात काय शिकायचं असतं, तहान लागली की पितात. तिनं शेडच्या मागं टाकी बांधून घेतली, तळातून हवा सोडणारं यंत्र बसवलं, आणि कुठूनसा बादलीभर चिखल आणून त्यात ओतला. म्हणे यात जंतू असतात, ते रंग खातात. त्यांना साखर कारखान्यातली मळी पाजली, मग थोडा रंग, थोडं मीठ, मग जरा जास्त. लहान पोराला तिखटाची सवय लावतात तशी तिनं त्या चिखलाला आमच्या रंगाची सवय लावली. बादलीचा गाळ वाढून टाकीभर झाला. घरात तिला सगळे गाळवाली म्हणायला लागले, आणि तीही बिनदिक्कत ओ द्यायला लागली.

त्या दिवशी गाळवाली कारखान्यात नव्हती. नव्या कायद्यात टाकी चालवणारा माणूसही पास झालेला लागतो. तिनं आमच्यातलेच दोन रंगारी हाताशी धरून शिकवले होते, एक उंच आणि एक बुटका, आणि त्या दोघांना घेऊन ती सकाळीच शहराला परीक्षेला गेली होती. म्हणजे टाकीतलं कळणारे तिघंही बाहेर. आणि उरलेल्यांच्या हातात ब्रश.

अकराच्या सुमाराला थोरल्यानं मागून आवाज दिला, "आई, आता एवढी टाकीच राहिली!"

मी काठी टेकत मागं गेले. हवेचं यंत्र त्यानं बंद केलं होतं. आत काळपट, दाट, बुळबुळीत.

"शी!" लेक नाकाला रुमाल लावून म्हणाली. "उद्या ती बाई सगळ्यात आधी हेच बघणार ना?"

"म्हणून तर," थोरला म्हणाला. "कारखाना आरशासारखा आणि मागं हा उकिरडा. गाळवालीला काय, तिला सवय झालीय."

त्यानं पंप लावला. गाळ ट्रॉलीत भरून लांब खाणीच्या खड्ड्यात गेला. मग सहा जण आत उतरले. ब्लीचची पूड टाकून भिंती घासल्या, तळ घासला, कोपरे दात घासायच्या ब्रशनं घासले. थोरला स्वतः आत होता. दुपारी टाकी अशी निघाली की तिच्यात जेवायला बसावं. मी वरून बघितलं आणि म्हटलं, "शाब्बास."

खोटं कशाला लिहू? म्हटलं.

*

धाकटी परतली ती हसतच. हातात पेढ्यांचा नाही तरी तसाच कसलातरी पुडा होता, मागं उंच आणि बुटका नवरदेवासारखे चालत होते. दोघंही पास झाले होते. तिनं तो पुडा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "आई, उंचाला तर परीक्षकांनी विचारलं, कोणत्या कॉलेजचा?"

"काय म्हणाला मग?"

"म्हणाला, गाळाच्या."

मी हसले. ती मागं गेली. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि तेच मला खटकलं. ती बाई मागं गेली की यंत्राशी बोलते, गाळाशी बोलते, गप्प म्हणून बसत नाही.

मी पोचले तेव्हा ती टाकीच्या कठड्याला धरून उभी होती. चेहरा भिंतीसारखा पांढरा, आणि भिंत तर त्याहून पांढरी.

"गाळ कुठं गेला?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

"फेकला," थोरला म्हणाला. अजून त्याच्या तोंडावर कौतुकाची वाट बघणारं हसू होतं. "बघ की, कशी चकचकीत झालीय! तुझ्या बापजन्मात..."

"कशानं धुतली?"

"ब्लीचनं. दोनदा."

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता ही ओरडणार, आणि मनातून मला ते हवंही होतं, कारण ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. पण ती नुसती कठड्यावर बसली.

"दादा, ती घाण नव्हती," ती म्हणाली. "तीच टाकी होती. ही तर नुसती भिंत आहे."

थोरल्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं हातातला ब्रश हळूच मागं लपवला, लहानपणी फुटलेली बशी लपवायचा तसा. पुढं बऱ्याच दिवसांनी त्यानं मला सांगितलं की त्या क्षणी त्याला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, धरणी पोटात घेईल तर बरं. दुसरी, चला, सुटलो, आता विकायला कुणी अडवत नाही. आणि दुसरी वाटली म्हणून पहिली दुप्पट वाटली.

*

ऑफिसात आम्ही चौघं बसलो. बाहेर कामगार उगाचच झाडलेली फरशी परत झाडत होते. बातमी पसरायला आमच्याकडं कधी फोन लागला नाही.

"असा गाळ परत व्हायला किती दिवस?" लेकीनं विचारलं.

"महिने," धाकटी म्हणाली. "खाणीत फेकलेला मातीत मुरून गेला असणार. शहराच्या सांडपाण्याचा गाळ आणला तर आपल्या रंगानं आणि मिठानं दोन दिवसांत मरेल. रंगाला सरावलेलाच लागतो."

"मग उद्याचा दिवस निभावून नेऊ," थोरला म्हणाला. "टाकीत साधं पाणी भरतो, वर थोडी माती कालवतो. बाहेरच्या नळाला बोअरचं पाणी जोडून देतो. बाईला स्वच्छ पाणी हवंय ना? स्वच्छ मिळेल."

"ती उंच काचेच्या भांड्यात नमुना घेते, दादा. अर्धा तास ठेवते. जिवंत गाळ खाली बसतो, वर पाणी नितळ होतं. माती कालवलेली तिला दोन मिनिटांत कळेल."

"आणि कळलं तर फसवणूक होते," लेक म्हणाली. ती सकाळपासून पहिल्यांदा थोरल्याच्या विरुद्ध बोलली होती. "मग नुसती एक ऑर्डर जाणार नाही, नाव जाईल. तुझ्या गोदामवाल्यांना जागा विकतानाही ते नाव तुझ्याच मागं येईल, दादा."

"माझे गोदामवाले?" थोरला उसळला. "मी काय मुद्दाम घासली टाकी?"

खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात ते एकदा तरी येऊन गेलं असणार. माझ्याही आलं. पण मी त्याला दात घासायच्या ब्रशनं कोपरे घासताना बघितलं होतं. मुद्दाम बिघडवणारा माणूस कोपरे घासत नाही.

"त्यानं मुद्दाम केलेलं नाही," मी म्हटलं. "या घरात कुणी घाण मुद्दाम साफ करत नाही, ते रक्तातच आहे. आता पुढचं बोला. रंगाला सरावलेला गाळ आणखी कुणाकडं आहे?"

धाकटी माझ्याकडं बघेना. तिनं लेकीकडं बघितलं, लेकीनं थोरल्याकडं, आणि थोरल्यानं खिडकीबाहेरच्या भिंतीकडं.

भिंतीपलीकडं माझ्या धाकट्या दिराचा कारखाना.

आमचे हे गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा भाऊजींनी मधोमध भिंत घातली आणि जाताना आमचे निम्मे जुने रंगारी गोड बोलून पलीकडं नेले. मी त्यांना तोंडावर चोर म्हटलं होतं, तेही भर लग्नात, वाजंत्री थांबलेली असताना. त्यानंतर आमचं बोलणं नाही. भिंतीला एक लोखंडी दार आहे, त्याला दोन्हीकडून कुलपं.

"आई, मी जाते," धाकटी म्हणाली. "मला ते काही म्हणणार नाहीत."

"तू बस. चोर मी म्हटलं होतं, तू नाही."

*

भाऊजी त्यांच्या ऑफिसात सुताचे नमुने उजेडात धरून बघत होते. मला दारात बघून नमुने खाली पडले नाहीत, पण हात तसाच वर राहिला.

"वहिनी?"

"हो, मीच. भूत असते तर जिना चढायला एवढा वेळ लागला नसता. खुर्ची द्या आधी."

त्यांनी स्वतः खुर्ची पुढं केली. दमा वाढलाय त्यांचा, श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. म्हातारे झालेत. मी झाले नाही तोवर हे का झाले, असं उगाच वाटून गेलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. का?"

"तुम्ही आलात म्हणजे कुणीतरी गेलंच असणार म्हणून."

"आमच्या टाकीतला गाळ गेला," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. ब्लीच सांगितलं तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. ब्रश सांगितला तेव्हा त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, मग खोकले, मग परत हसले.

"अण्णा असते," ते माझ्या सासऱ्यांची आठवण काढून, श्वास घेत म्हणाले, "तर तेही घासत बसले असते."

"तुम्हीसुद्धा."

"मीसुद्धा," ते कबूल झाले. "वहिनी, खरं सांगू? मागच्याच महिन्यात मी आमची टाकी घासायला काढली होती. यंत्र बसवणारा नेमका त्या दिवशी आला म्हणून वाचली."

दोन कारखाने, एकच खानदान. मध्ये भिंत घातली म्हणून डोकी थोडीच वेगळी होतात!

"मला तुमचा गाळ हवाय," मी म्हटलं. "निम्मा."

त्यांचं हसू ओसरलं. पुढं त्यांनीच मला सांगितलं की त्यांना तेव्हा ते लग्न आठवलं, थांबलेली वाजंत्री आठवली, आणि नाही म्हणायचा शब्द ओठावर आला होता. अडवलं ते दुसऱ्याच काळजीनं.

"पुढच्या आठवड्यात ती तपासनीस बाई माझ्याकडं येतेय," ते म्हणाले. "आणि वहिनी, ती मालकाला काही विचारतच नाही म्हणे. सरळ कामगाराला विचारते. हवा किती सोडता, गाळ कधी काढता, का काढता. माझी टाकी कंपनीनं बसवली, चालू करून दिली आणि गेली. माझे लोक फक्त बटण दाबतात. चांगली माणसं आहेत, वहिनी, पण त्यांना कुणी शिकवलं नाही."

"माझीच माणसं ती. चांगली असणारच."

"असू दे. तुमच्या सुनेला माझ्याकडं पाठवा. माझ्या लोकांना शिकवू दे. निम्मा काय, हवा तेवढा गाळ न्या."

"माझी सून तुमच्या दारात येणार नाही," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. "तुमचे लोक माझ्या दारात येतील. रोज सकाळी, टाकीपाशी, शिकायला येतात तसे, वेळेवर. मास्तरीण कुणाच्या दारी जात नसते."

"तुमचा ताठा काही गेला नाही."

"गेला असता तर तुमच्याकडं मागायला आले नसते. ताठ माणूसच मागू शकतो, वाकलेल्याला लोक भीक घालतात. त्या दाराची किल्ली सापडेल का, की भिंत फोडायची?"

किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात सगळ्यात वर होती. मी बघितली आणि हात पुढं केला.

*

दुपार उतरत होती तेव्हा दार उघडलं. बिजागऱ्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज केला. दोन्ही कारखान्यांचे पाण्याचे पाइप जोडून एक लांबलचक पाइप झाला.

"थांबा!" धाकटी ओरडली. "भिंतींत ब्लीच आहे अजून. गाळ आत पडला की मरेल. आधी ब्लीच मारायला हवं."

तेव्हा थोरला पुढं झाला. धाकटी परतल्यापासून तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. "सूत पांढरं केल्यावर त्यातलं ब्लीच मारायला आपण ती पूड वापरतो," तो म्हणाला. "तीच टाकीला चालेल का? प्रमाण मला ठाऊक आहे."

"चालेल की!" ती म्हणाली. "दादा, तुम्ही करा ते. मला ब्लीच ओळखणाऱ्या कागदाची पट्टी लावून दाखवा. रंग अजिबात यायला नको."

तो परत टाकीत उतरला. सकाळी ज्या उत्साहानं घासत होता, त्याच उत्साहानं धुवायला लागला. पट्टी लावायची, वर करून दाखवायची. "आला का रंग?" "जरासा." परत पाणी. "आता?" ती पट्टी उजेडात धरून बराच वेळ बघायची. लेक कठड्यावर बसून पट्ट्या हातात देत होती, वकिलीच्या चपला काढून.

पट्टी कोरी राहिली तेव्हा पंप सुरू झाला. पाइप थरथरला, आणि पलीकडचा गाळ धबाधबा आमच्या टाकीत पडायला लागला. हवेचं यंत्र सुरू झालं. वास आला, पाऊस पडून गेलेल्या मातीसारखा. सकाळी याच वासाला आम्ही नाक मुरडलं होतं.

धाकटी वाकून गाळाशी काहीतरी बोलली. काय ते मी विचारलं नाही. प्रत्येकीला माहेरचं माणूस आलं की बोलायचं असतं.

"जगेल?" मी विचारलं.

"जगेल, आई. पण निम्माच आहे. पेलेल तेवढंच काम देता येईल. आणि पहिले काही दिवस पाण्याला थोडी झाक राहील."

"म्हणजे उद्या पास नाही," थोरला म्हणाला.

"उद्या पूर्ण पास नाही."

थोरल्यानं बोअरच्या नळाकडं बघितलं. नुसतं बघितलं. एक जोड, एक चावी, झाक नाहीशी. लेकीनं त्याला तसं बघताना बघितलं, आणि मी त्या दोघांना बघितलं.

*

सकाळी तपासनीस बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, पायात मळलेले बूट. सोबत दुभाषी. चकचकीत फरशीवरून त्या नुसत्या चालत गेल्या, चेहरा बघायला खाली वाकल्याच नाहीत. मला तो पहिला अपमान वाटला.

टाकीपाशी त्यांनी उंचाला आणि बुटक्याला बोलावलं. उंच पुढं, बुटका मागं. हवा किती, गाळ कधी काढायचा, यंत्र बंद पडलं तर काय. दोघं काल पास झालेले, शब्द अजून ताजे होते. बुटका एका जागी अडला तर उंचानं त्याला चिमटा काढला आणि तो परत सुरू झाला. धाकटी मागं उभी राहून ओठ हलवत होती. बाई बोलतात ती भाषा मला कळत नव्हती, पण कुणाची भीड चेपली की मला कळतं.

मग त्यांनी काचेच्या भांड्यात नमुना घेतला आणि सावलीत ठेवला. आम्ही सगळे त्या भांड्याकडं बघत उभे राहिलो. गाळ हळूहळू खाली बसला. वर पाणी नितळलं, पण त्यात फिकट निळी झाक राहिलीच.

बाईंनी भांडं उजेडात धरलं. मग टाकीच्या भिंतींकडं बघितलं आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाल्या.

"बाई विचारतात," दुभाषी म्हणाला, "की चालू टाकीच्या भिंती इतक्या पांढऱ्या कशा? आणि गाळ इतका कमी का?"

प्रश्न कुणाला होता ते ठरलं नव्हतं. धाकटीनं तोंड उघडलं. ती दोष स्वतःवर घेणार होती, मला तिच्या खांद्यांवरून कळलं. पण त्याच्या आधी थोरला बोलला.

तो सांगतो, त्याच्या डोक्यात तेव्हा बापाचा आवाज नव्हता, देवाचा नव्हता. त्याला फक्त भांड्यातला गाळ दिसत होता, तळाला शांत बसलेला. त्यानं काल तीन तास त्या टाकीत उभं राहून पट्ट्या लावल्या होत्या, आणि त्या तीन तासांत पहिल्यांदा ती टाकी त्याची झाली होती. स्वतःच्या वस्तूबद्दल खोटं बोलायला त्याला सुचलंच नाही.

"मी घासली," तो म्हणाला. "काल. मी या कारखान्याचा मालक आहे, आणि मला घाण आणि गाळ यातला फरक माहीत नव्हता. सगळा गाळ फेकला, ब्लीचनं धुतलं. हा पलीकडच्या काकांच्या टाकीतला आहे, निम्मा. म्हणून पाण्याला झाक आहे. बाहेरच्या नळाची चावी आम्ही बंद ठेवलीय. ओढ्यात काहीही सोडलेलं नाही, आणि पाणी साफ होईपर्यंत सोडणार नाही."

दुभाष्यानं सांगितलं. बाई ऐकत होत्या. ब्लीचपाशी त्यांची भुवई वर गेली. मग त्यांनी एक छोटा प्रश्न विचारला.

"तुम्हाला हे आता कोण शिकवणार?"

थोरल्यानं धाकटीकडं बोट दाखवलं. "ती."

"आणि पलीकडच्या कारखान्यातल्या लोकांना?"

"तीच," मी मध्येच म्हटलं, कारण आता मला राहवेना. "आणि त्यांना सांगा, इथंच या टाकीपाशी, रोज सकाळी. आमच्या सुनेकडं शिकायला लोक येतात."

दुभाषी हसला आणि त्यानं ते सांगितलं. त्या करड्या बाई पहिल्यांदा माझ्याकडं नीट वळल्या, आणि बराच वेळ बोलल्या. दुभाषी थांबून थांबून सांगत गेला. टाक्या त्या रोज बघतात. भिंती रंगवलेल्या, नळाला दुसरं पाणी जोडलेलं, माणसं पढवून उभी केलेली. इथं टाकी अर्धी आहे, पण माणसं पुरी आहेत. टाकीला मुदत देता येते. गाळ वाढेपर्यंत निम्मंच काम करा, झाक गेली की नमुना पाठवा, त्या परत येतील. ऑर्डर राहील. माल बंदरावर अडणार नाही.

"आणि बाई म्हणतात," दुभाषी म्हणाला, "कृपा करून ब्रश लपवून ठेवा."

सगळ्यात मोठ्यानं हसले ते भाऊजी. लोखंडी दारात ते कधी येऊन उभे राहिले होते, कुणी बघितलंच नव्हतं.

बाई गेल्या. लेकीनं चपला घातल्या, पिशवी उचलली आणि मला म्हणाली, "सह्यांचं काम राहिलं नाही, मी दुपारच्या गाडीनं जाते."

"पुरावा मिळाला का?"

"मिळाला," ती म्हणाली, आणि लहानपणी करायची तसा माझा गाल ओढला. पाच कामगारांच्या समोर. मी ओरडले, पण फार नाही.

उंच रंगखात्यात ओरडला, "हौद लावू का?" धाकटी म्हणाली, "लाव. निम्माच!" शेडमध्ये वाफ चढायला लागली.

तेवढ्यात थोरल्याच्या खिशातला फोन वाजला. गोदामवाले. त्यांना तपासणीचा दिवस ठाऊक होता. थोरला बाजूला गेला नाही. टाकीच्या कठड्याला एक हात लावून, आमच्या सगळ्यांच्या समोर बोलला.

"नाही हो," तो म्हणाला. "नाही, जागा मोकळी नाही आता." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यानं खाली टाकीत बघितलं, बुडबुड्यांवर फिरणाऱ्या त्या तपकिरी पाण्याकडं, आणि छाती काढून म्हणाला, "आमच्या टाकीत गाळ आहे."

समोरच्याला काय कळलं असेल कुणास ठाऊक. मी खुर्ची उचलायला सांगितली आणि फाटकापासून काढून टाकीपाशी मांडली.